आक्काची तीनचाकी

माझी थोरली बहीण एकोणीस वर्षांची असताना आमच्या पिठाच्या गिरणीच्या माळ्यावरून खाली पडली आणि तिचं कमरेखालचं अंग त्या दिवशी गेलं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. सत्तर सालाच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. वडिलांनी तिला टेम्पोत घालून मिरजेला नेलं. तिथले डॉक्टर भले होते, त्यांनी काही लपवलं नाही. मणका मोडलाय, जीव वाचला हेच खूप, पाय परत येणार नाहीत, असं सरळ सांगितलं. तीन महिन्यांनी आक्का घरी आली ती एका जड लोखंडी चाकाच्या खुर्चीसकट.

आमचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेत. दाराला तीन उंच पायऱ्या आणि समोर उखडलेल्या फरश्यांची गल्ली. खुर्ची घरातल्या घरात फिरायची, उंबऱ्याबाहेर तिचा काही उपयोग नव्हता. बाहेर जायचं तर आक्काला उचलावं लागायचं आणि उचलणारा मी होतो. वडील त्या दिवसापासून खचले होते. आईच्यानं ते होणारं नव्हतं. मी तिला पाठीवर घ्यायचो, गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचो, रिक्षात ठेवायचो आणि मग खुर्ची आणायला परत यायचो. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं," म्हणायच्या. एका म्हाताऱ्यानं माझं नाव श्रावणबाळ ठेवलं होतं आणि मला ते फार आवडायचं. आक्का माझ्या पाठीवर असताना मी जरा हळूच चालायचो, म्हणजे बघणाऱ्याला नीट बघता यावं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लोकांना एक गोष्ट दिसत नव्हती. कधी बाहेर जायचं, कुठं जायचं, किती वेळ थांबायचं, हे सगळं मी ठरवत होतो. आक्का विचारायची, "आज सवड हाय का तुला?" मी म्हणायचो, बघू. त्या 'बघू'वर तिचे दोन-दोन महिने घरात जायचे. बाहेर जायचं ठरलंच तर त्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. का ते मला कळत होतं, पण मी कधी बोललो नाही.

एकदा शिरोळला नात्यातलं लग्न होतं. मी तिला मांडवात एका कडेला खुर्चीत बसवलं आणि चुलतभावांबरोबर नदीवर पोहायला गेलो. तासाभरात येतो म्हणालो होतो. आलो तेव्हा जेवणाच्या पंगती उठल्या होत्या, मांडवात खरकटं गोळा करणं चाललं होतं, आणि आक्का होती तिथंच होती. तिचं ताट तसंच शेजारी झाकून ठेवलेलं. तिनं पदर मांडीवर ओढून घेतला होता. मी जवळ गेल्यावर ती खाली बघत म्हणाली, "कुणी विचारलं तर पाणी सांडलं म्हणून सांग." मी तिला उचललं. माझी पाठ ओली झाली. मांडवातून जाताना नवरदेवाची आत्या म्हणाली, "बघा, किती करतो बहिणीचं." मी मान खाली घालून पुढं गेलो, पण तिचं बोलणं खोडून काढलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. वडील वारले. गिरणी चालवायला दिली. मला एका बँकेत कारकुनी मिळाली. आक्का शिवणकाम शिकली. हातानं चालवायचं मशीन होतं तिचं, आणि हात असा बसला की चार पेठांतल्या बायका ब्लाऊज शिवायला आमच्याकडं यायला लागल्या.

मग एक दिवस खुर्चीचं चाक मोडलं. उद्यमनगरात रिक्षा आणि टेम्पो दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते, मुसलमान, पन्नाशीचे, वडिलांच्या गिरणीचं कामही तेच बघायचे. खुर्ची त्यांच्याकडं नेली तर आक्का बसणार कशावर, म्हणून ते स्वतःच हत्यारं घेऊन घरी आले. चाक बसवता बसवता त्यांनी विचारलं, "बाई, ही चाकं एवढी कोरी कशी? भाईर जाता का न्हाई?"

"नेलं तर जातो," आक्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना 'जातो, येतो' असंच म्हणतात.

"आन न्हाई नेलं तर?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. तिचे हात बघितले, खांदे बघितले. "हातात जोर हाय तुमच्या," म्हणाले. "रिक्षा चालवायला पाय लागतो कशाला? ब्रेकला. तेवढा ब्रेक हातावर घेतला तर काम झालं. आन तुमाला खुर्चीतनं उतरवायचंच न्हाई. खुर्चीसकट आत जायाचं."

मी हसलो. आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "किती दिस लागतील?"

सहा महिने लागले. भंगारात गेलेली एक रिक्षा त्यांनी घेतली, मागची बैठक काढून टाकली, पुढची काढून टाकली, तळ कापून खाली घेतला. डाव्या बाजूला पत्र्याची एक फळी बसवली. ती खाली पाडली की रस्त्याला टेकायची, आक्का खुर्ची ढकलत वर यायची, आत वळायची आणि थेट हँडलपाशी जायची. खाली दोन कड्या होत्या, त्यांत खुर्चीची चाकं अडकवायची. चालू करायचा दांडा डाव्या हाताशी, ब्रेकचा उजव्या. सगळी मापं आक्काच्या अंगाची. तिचा हात किती लांब जातो, मागं किती वळता येतं, हे मिस्त्री पुन्हा पुन्हा मोजायचे आणि खडूनं भिंतीवर लिहायचे. पहिल्या वेळी मैदानात चालवताना वळणावर ती खुर्चीतच आडवी झाली, कारण कमरेच्या आसपास तोल धरायला काही नव्हतं. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी छातीशी बांधायचा पट्टा लावला. सरकारी कागद व्हायला त्यानंतर बरेच दिवस गेले. परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी तिला आवारात चार फेऱ्या मारायला लावल्या, वाकून सगळ्या कड्या हलवून बघितल्या आणि सही केली. घराच्या पायऱ्यांवरही मिस्त्रींनी एक उतरती फळी पक्की करून दिली.

कागद हातात आला त्या सकाळी आक्का गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेली. आई आणि मी दारात उभे होतो. ती वळून परत येईल असं आम्हाला वाटलं. ती वळलीच नाही. मी रस्त्यापर्यंत धावत गेलो, गाडी कुठं दिसेना. वीस-पंचवीस मिनिटांनी फटफट आवाज करत ती परत आली. मांडीवर मेथीची एक जुडी होती.

"मंडईत गेलतो," ती म्हणाली. "बाई भाव सोडंना. भांडून घेतली."

आई ती मेथी हातात घेऊन रडायला लागली. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "एकटी कशाला गेलीस? सांगून जाता येत नाही?" आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड उन्हानं लाल झालं होतं आणि केस विस्कटले होते. इतकी बरी ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती, आणि मला राग आला होता.

तो राग पुढं वर्षभर राहिला. आक्का कापड आणायला लक्ष्मीपुरीत जायची, गिऱ्हाइकांकडं जायची, रंकाळ्यावर जायची. सकाळी उठून मला 'सवड हाय का' असं विचारणं बंद झालं. गल्लीतल्या बायका आता गाडीविषयी बोलायच्या, माझ्याविषयी नाही. मला मिळालेलं नाव कुणी घेईना. बँकेत एकानं विचारलं, "तुमची बहीण रिक्षा चालवते म्हणं?" त्याला फक्त माहिती हवी होती. मी मात्र दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. घरी आल्यावर मी गाडीत खोट काढायचो. आवाज फार करते, पत्र्याला गंज धरतोय, पावसाळ्यात कशी चालवणार. आक्का ऐकून घ्यायची आणि किल्ली घेऊन निघायची.

त्याच सुमाराला माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी गडहिंग्लजची, शाळेत शिक्षिका. मी तिला बघून आलो होतो, पसंतीही कळवली होती. आता तिकडची मंडळी आमचं घर बघायला रविवारी दुपारी येणार होती.

दारात उभी असलेली ती पत्र्याची गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पाहुणे येणार, गाडी बघणार, ही कुणाची विचारणार. बहीण अधू आहे हे मध्यस्थानं सांगितलं होतं. पण ती अशी गावभर गाडी फिरवते हे सांगितलेलं नव्हतं. मला ते लपवायचं होतं.

शनिवारी बँक अर्धा दिवस. मी घरी आलो आणि आक्काला म्हणालो, "ब्रेक जरा ढिले वाटतात. मिस्त्रींना दाखवून आणतो."

"मला तर काय वाटलं न्हाई," ती म्हणाली.

"दाखवायला काय जातंय?"

तिनं किल्ली दिली. मी आत एक स्टूल ठेवलं आणि गाडी उद्यमनगरात नेली. मिस्त्रींना सांगितलं, "आक्काचा निरोप आहे. सोमवारपर्यंत राहू दे, सगळं नीट तपासून ठेवा." चालत घरी आलो आणि आक्काला सांगितलं, "ब्रेकची केबल गेलीय. मिस्त्री म्हणतात, सोमवारी मिळेल."

आक्का हातशिलाई करत होती. तिनं सुई कापडात खोचून ठेवली.

"पर उद्या सकाळी नऊला मला कबनूरला जायाचं हाय," ती म्हणाली.

मला हे ठाऊकच नव्हतं. ती कुठं जाते हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं, कबनूरच्या कापडाच्या मागांवर काम करणाऱ्या बायकांना शिवण शिकायचं आहे. तिच्या एका गिऱ्हाइकाच्या बहिणीनं तिथं एक खोली मिळवली होती, दोन-तीन जुनी मशीनं जमवली होती. आक्का त्यांना शिकवणार होती. उद्या पहिला वर्ग. बायकांनी त्यासाठी पाळ्या बदलून घेतल्या होत्या.

"मुद्दाम रविवार धरला म्या," ती म्हणाली. "तुझं पावणं यायच्या आत निघून जावं म्हटलं. माझी अडचण नको तुला."

गाडी मी नेली नसती तर रविवारी ती दारात दिसलीच नसती. आक्काही दिसली नसती. तिनंच ते माझ्यासाठी ठरवून ठेवलं होतं.

उद्यमनगर आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. तेव्हाच उलटं फिरून गाडी आणता आली असती. पण मग मिस्त्री विचारणार, आणि मी खोटं बोललो हे आक्काला कळणार. मी गेलो नाही.

रविवारी सकाळी ती जरीकाठाचं लुगडं नेसून तयार झाली. "तू एश्टीत बसवून देतोस का? तिथल्या बायका उतरवून घेतील," तिनं विचारलं.

"पावणं यायचेत, आक्का," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी जा की."

दहा वाजेपर्यंत ती खिडकीशी बसून राहिली. मग कुणी न सांगता खुर्ची वळवून मागच्या खोलीत गेली आणि पडदा ओढून घेतला.

दोनला पाहुणे आले. मुलीचे वडील, आई आणि मामा. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या आईनं विचारलं, "थोरली बहीण कुठं हाय?"

"तिची तब्येत बरी नाही," मी म्हणालो. "झोपलीय."

आमची आई माझ्याकडं बघत राहिली. पडदा चार हातांवर होता.

तेवढ्यात गल्लीतून ओळखीचा फटफट आवाज आला आणि दारात थांबला. मिस्त्री आत आले. सगळ्यांना नमस्कार केला आणि गॅरेजात बोलतात तसे मोठ्यानं मला म्हणाले, "भाऊ, ब्रेक चोख हायत. केबल चोख हाय. गाडीत काय बी बिघाड न्हाई. आन बाईंनी मला गुरुवारीच सांगितलेलं, आयतवारी कबनूरला जायाचं हाय, चाकांत हवा बघून द्या. मग त्याच बाई सोमवारपर्यंत ठेवा म्हणून निरोप कशा धाडतील? रातभर माझ्या डोक्यातनं जाईना. सकाळी समदी गाडी खोलून बघितली. म्हटलं, आपणच नेऊन द्यावी."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. हातातच धरून उभे राहिले.

पडदा सरकला. आक्का बाहेर आली. सकाळचंच लुगडं अंगावर होतं. तिनं मुलीच्या आईवडिलांना हात जोडले. "तब्येत बरी हाय माझी," म्हणाली. "पावणं, जरा वाट द्या. मला उशीर झालाय."

मामांनी पाय आखडून घेतले. मुलीचे वडील उठून उभे राहिले. आक्का त्यांच्यामधून खुर्ची ढकलत गेली, मिस्त्रींकडून किल्ली घेतली, फळीवरून उतरली. मुलीची आई उठून दारात गेली आणि सगळं बघत राहिली. फळी कशी पडते, खुर्ची कशी चढते, पट्टा कसा बांधतात. मी जागेवरून उठलो नाही. माझ्या हातात रिकामी बशी होती, ती कुठं ठेवायची ते मला सुचत नव्हतं.

आक्का साडेचारला कबनूरला पोचली. बऱ्याच बायका वाट बघून कामावर निघून गेल्या होत्या. पाच-सहाजणी थांबल्या होत्या, त्यांना तिनं कापड बेतायला शिकवलं. हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. संध्याकाळी ती आली तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. माफी मागायची असं ठरवलं होतं. "आक्का," एवढंच तोंडातून निघालं.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो. ती फळीवरून वर आली, माझ्याजवळ थांबली. "मला इचारायचं होतंस," म्हणाली. "म्या पहाटंच गेलो असतो." आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून गाडीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात होती. ती मला पुन्हा कधी मिळाली नाही, आणि मागायचं तोंड मला नव्हतं.

लग्न मोडलं नाही. मुलीच्या आईनं घरी जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांनी बायकोनं मला विचारलं, "वन्सं आजारी नव्हत्या, तर आजारी आहेत असं का सांगितलंत?" मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झाला. तिनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. आक्काशी मात्र तिचं जमलं. दोघी गाडीतून बाजारात जायच्या, बायको आत खाली पोत्यावर बसायची.

पुढच्या वर्षी आक्कानं कबनूरला रस्त्यालगत एक खोली घेतली आणि तिथंच राहायला गेली. वर्ग वाढला होता. ती सांगायला आली तेव्हा मी म्हणालो, "लोक म्हणतील, भावानं घराबाहेर काढलं." बोलून गेल्यावर मला ऐकू आलं की आताही मी माझ्याविषयीच बोलतोय.

"लोकास्नी सांग, आपल्या गाडीनं गेली," आक्का म्हणाली.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी असेल, ती एकदा कोल्हापूरला आली होती आणि परत निघाली होती. मी म्हणालो, मी येतो बरोबर. इतक्या वर्षांत मी त्या गाडीत तिच्याबरोबर कधी बसलो नव्हतो. ती म्हणाली, "बस की." मी तिच्या खुर्चीमागं तळावर मांडी घालून बसलो. तिथून मला तिची पाठ दिसत होती आणि कानामागं पांढरे झालेले केस. ती चांगली चालवत होती. ट्रकला वाट द्यायची, खड्डा चुकवायची, ओळखीच्यांना हात करायची. टपरीवरचा एक माणूस ओरडून म्हणाला, "बाई, आज उशीर?" तीही ओरडून काहीतरी बोलली.

हातकणंगले गेल्यावर एका ठिकाणी तिनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. तिथं ना दुकान होतं ना घर.

"काय झालं?" मी विचारलं. मला वाटलं, गाडी बिघडली.

"कुठं काय? काय न्हाई."

"मग थांबलीस का?"

"थांबतो की हितं. बरं वाटतं."

ती उसाकडं बघत बसली. वारा होता, पानं वाजत होती. मी मागं बसून होतो. मी तिला अकरा वर्षं वाहिलं, दवाखान्यात नेलं, लग्नाकार्याला नेलं, देवळात नेलं. पण नुसतं बरं वाटतं म्हणून कुठं थांबलो होतो, असं एकही ठिकाण मला आठवेना. तिलाही कधी तसं सांगता आलं नसणार. पाठीवरचं माणूस कुठल्या तोंडानं म्हणेल, जरा थांब, मला ऊस बघायचाय.

"आक्का, तो रविवार..." मी सुरुवात केली.

"ठाऊक हाय मला," ती मागं न वळता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. माफ केलं असंही ती म्हणाली नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

थोड्या वेळानं तिनं दांडा ओढला. गाडी एका दमात चालू झाली. कबनूरला पोचलो तेव्हा खोलीच्या दारात बायका उभ्या होत्या. आक्कानं फळी पाडली, पण मी वाटेत बसलो होतो.

"उतर आधी," ती म्हणाली. "बायका खोळंबल्यात."

मी उतरून बाजूला झालो.